रिकाम्या कॅबिनेटला वारा

ही घटना खरी आहे.

प्रत्येक भयकथा याच वाक्याने सुरू होते, हे मला ठाऊक आहे. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. सगळं खोटं लिहायचो, आणि लोक ते खरं धरून माझ्यावर चिडायचे. आता निवृत्तीनंतर पहिल्यांदाच खरं लिहितोय. यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, याची मला पूर्ण खात्री आहे.

तरी लिहितो. न जाणो, वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी यातलं काही कळत असेल.

गाव वायरी भूतनाथ. मालवणहून तारकर्लीकडे जाताना लागतं. भूतनाथ हे देवाचं नाव आहे, त्यावरून विनोद करू नये. मी केलेत. पण ते वेगळं.

रात्रीची वेळ नव्हती. अमावास्याही नव्हती. गेल्या एप्रिलातली दुपार होती. माशाचं जेवण झालं होतं आणि अख्खं मालवण आडवं झालं होतं. आमच्याकडे दुपारी जेवणानंतर भुतंसुद्धा वामकुक्षी घेतात, असा माझा समज होता.

तो चुकीचा निघाला...

आमच्या शेजारी फेलिसिदाद फर्नांडिस राहते. आम्ही एकाच शाळेत शिकलो. पुढे ती त्याच शाळेत शिक्षिका झाली. तिचा नवरा बाबुश. सिंधुदुर्गनगरीला सरकारी कचेरीत होता. रोज एसटीने जाऊन रोज एसटीने परत यायचा. माणूस धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड. बाबुश चर्चमध्ये गायला लागला की बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्यांनाही प्रार्थना पाठ व्हायच्या.

निवृत्त झाल्यावर बाबुशने कॉम्प्युटर घेतला. अर्ध्या वाडीचे सातबारे त्यावर निघायचे. उरलेल्या वेळात तो पत्ते खेळायचा आणि हरला की कॉम्प्युटरला शिव्या द्यायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबुश गेला.

हॉस्पिटलात नेला तो परत आलाच नाही. फेलिसिदादला जवळ जाऊ दिलं नाही. नंतरही नाही. त्या दिवसांत कुणालाच देत नव्हते.

तेव्हापासून ती रोज सकाळी उठून कॉम्प्युटर चालू करायची. काम काही नाही. नुसता चालू ठेवायचा. आत पंखा फिरायचा त्याची घरघर ऐकत ती भाजी निवडायची, जपमाळ ओढायची, दुपारी त्याच खोलीत चटईवर पडायची.

"घरात माणूस आसल्यासारखा वाटता रे, भाई," ती मला म्हणाली होती.

मला सगळे भाईच म्हणतात. सख्खा भाऊ मी एकाचाही नाही. असो.

आता आमची हवा खारी. या हवेत लोखंड टिकत नाही, कॉम्प्युटरचं खोकं काय टिकणार? त्याला दुकानदार कॅबिनेट म्हणतात. बाबुशचं कॅबिनेट खालून पार कुजलं होतं. पुसताना फेलिसिदादचं बोट कापलं, ते तिची मुलगी रॉविना हिने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. रॉविना मस्कतला असते. तिने तिथूनच नवं कॅबिनेट मागवलं आणि आठवड्याभरात ते वायरीत हजर झालं.

देखणं होतं. एका बाजूला पूर्ण काच. आत रंगीत दिवे.

मालवण बाजारात कौस्तुभचं दुरुस्तीचं दुकान आहे, तो बसवायला आला. तिशीतला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे विसरू न देणारा. मी आणि माझी बायको आनंदी बघायला गेलो. वायरीत दुपारी दुसरं काही बघण्यासारखं नसतं.

कौस्तुभने जुनं कॅबिनेट उघडलं.

आणि आत वाकून बघत राहिला...

"काकी," तो म्हणाला, "ह्यो पंखो कदी बंद पडलो?"

"खंयचो बंद?" फेलिसिदाद म्हणाली. "आता तू येयसर घरघरत होतो."

कौस्तुभने स्क्रू ड्रायव्हरने पंख्याचं पातं ढकललं. हललं नाही. जोर लावला. हललं नाही. गंजाने पातं आणि चौकट एकजीव झाली होती. वरून कुंभारीण माशीने मातीचं घरटं बांधलं होतं. ते घरटंसुद्धा जुनं, वाळून फुटलेलं.

"ह्यो दोन-तीन पावसाळे तरी फिराक नाय," कौस्तुभ म्हणाला. "आणि ह्या खोक्यात दुसरो पंखोच नाय."

"मगे आवाज कसलो येत होतो?" आनंदीने विचारलं.



तो आवाज मी स्वतः ऐकला होता. त्याच दिवशी. पाच मिनिटांपूर्वी.

"पंखो नसताना प्रोसेसर जळाक व्हयो होतो," कौस्तुभ डोकं खाजवत म्हणाला. "ह्येका थंड कोण ठेवीत होतो?"

फेलिसिदादने क्रूसाची खूण केली. पण चेहऱ्यावर भीती नव्हती. खरं सांगायचं तर ती लाजल्यासारखी दिसली. बऱ्याच वर्षांनी नवऱ्याने काहीतरी आणून दिल्यावर बायका लाजतात तशी.

"माका म्हायत होता," ती हळूच म्हणाली.

मग काम सुरू झालं. कौस्तुभने प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पण आता वाळलेली पेस्ट खरवडली. नवी शेंगदाण्याएवढी लावली. नवा पंखा बसवला. सगळा संसार जुन्या खोक्यातून काढून नव्यात मांडला. काच लावली, चारी स्क्रू पिळले.

वातावरण जरा जड झालं होतं. मला ते सहन होत नाही. जड वातावरणात मला विनोद सुचतो, हा माझा धंद्यामुळे जडलेला आजार.

मी म्हटलं, "नवी वास्तू आहे. गाऱ्हाणं घालूया."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे कुठल्याही शुभकार्याला देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एकजण हात जोडून देवाकडे मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा देतात. दुजोऱ्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मागणारा एकटा असला तर ते नुसतं बडबडणं. चारजण हो म्हणाले की तो करार.

फेलिसिदाद ख्रिश्चन. पण "व्हय म्हाराजा" म्हणायला आमच्याकडे धर्म आडवा येत नाही.

मी उभा राहिलो. आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा...!"

"व्हय म्हाराजा!" तिघेही हसत म्हणाले.

"आज ह्या फर्नांडिसांच्या घरात ही काचेची पेटी इली आसा म्हाराजा...!"

"व्हय म्हाराजा!"

"जुन्या पेटयेत जो कोण बसान वारो घालीत होतो, त्येका ह्या नव्या पेटयेत जागो दी म्हाराजा...!"

"व्हय म्हाराजा!" फेलिसिदाद आता मोठ्याने हसत होती. बाबुश गेल्यापासून मी तिला एवढी हसताना पाहिली नव्हती. मला चेव चढला.

"आणि त्येका ह्या पेटयेतसून कदी भायर जावक देव नको म्हाराजा...!"

"व्हय म्हाराजा!"

आनंदी. फेलिसिदाद. कौस्तुभ.

आणि अजून एक...

चौथा आवाज.

जरा उशिरा आला. तिघांचं म्हणून संपल्यावर, मागून. हळू. घसा कोरडा असलेल्या माणसाचा.

आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो.

"घुमता," कौस्तुभ म्हणाला. "मंगलोरी कौलां आसत."

कौलांमुळे आवाज घुमत नाही. पण त्या क्षणी सगळ्यांनाच ते पटवून घ्यायचं होतं.

त्याने बटण दाबलं. रंगीत दिवे लागले. नवा पंखा फिरू लागला, पण बिनआवाजाचा. हल्लीचे पंखे तसेच असतात म्हणे.

खोली शांत झाली.

फेलिसिदादने कान दिला. "आवाज खंय गेलो?"

"आता आवाज येवचो नाय काकी. मस्त थंड..."

तो वाक्य पुरं करू शकला नाही. प्रोसेसर किती तापलाय ते दाखवणारा आकडा त्याने पडद्यावर लावला होता. आकडा चढत होता. पन्नास. सत्तर. नव्वद...

खट.

कॉम्प्युटर बंद पडला.

"कॅबिनेट बदललं की आतले तापतातच," मी म्हणालो. "खातेवाटपावरून नाराज असतील."

कोणी हसलं नाही. माझ्या सदरालाही शेवटी शेवटी हेच व्हायला लागलं होतं.

कौस्तुभने सगळं परत खोललं. पंखा घट्ट बसलाय का? बसलाय. पंख्याच्या बुडाचं प्लॅस्टिक सोलायचं राहिलं का? नाही, सोललंय. पेस्ट कमी पडली? पुसून पुन्हा लावली. एखादी वायर पात्यात अडकते? नाही.

चालू केला. नव्वद. खट.

"वारो उलटो जाता वाटता," तो म्हणाला. "उदबत्ती आसा?"

आनंदीने आमच्या घरून उदबत्ती आणली. युक्ती साधी आहे. पुढच्या जाळीपाशी धूर धरायचा. तो आत ओढला जातो आणि मागच्या जाळीतून बाहेर पडतो. मग कळतं की हवा बरोबर चाललीय.

कौस्तुभने कॉम्प्युटर चालू करून उदबत्ती धरली. धूर आत ओढला गेला. छान, सरळ रेघेत.

आम्ही मागे जाऊन उभे राहिलो.

धूर बाहेर आला नाही...

काचेतून आत पाहिलं. आतही धूर नव्हता. उदबत्ती अर्धी संपली. धूर जात होता, जात होता. आणि कुठेच नव्हता. कोणीतरी तो श्वासासारखा आत घेत असावं.

पुन्हा खट झालं.

कौस्तुभच्या कपाळावर घाम आला होता. पण पोरगा चिवट. त्याने सगळे भाग बाहेर काढले आणि टेबलावर पुठ्ठा टाकून त्यावर मांडले. खोक्याशिवाय चालवून बघायचं. म्हणजे दोष भागांत आहे की खोक्यात, ते कळतं.

चालू केला.

आकडा चाळीसवर थांबला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. चाळीसच.

"सापाडलो!" कौस्तुभ ओरडला. "प्रोसेसर बरो आसा, पंखो बरो आसा. खोक्यातच खोट. बदलून मागूया."

आणि त्याने रिकामं कॅबिनेट उचलायला हात लावला.

हात झटकन मागे घेतला...

"काय झाला?" मी विचारलं.

मी हात लावून पाहिला.

कॅबिनेट तापलेलं होतं.

आत काही नव्हतं. वायर नाही, पंखा नाही, विजेचा संबंध नाही. रिकामा डबा, सावलीत ठेवलेला. आणि काच अशी गरम, जणू तापाने फणफणलेल्या माणसाचं कपाळ.

मग काचेवर वाफ धरली.

आतून.

एक गोल डाग उमटला. पुसट झाला. पुन्हा उमटला. पुन्हा पुसट झाला.

येत होता... जात होता...

कौस्तुभने हत्यारं पिशवीत भरली. "उद्या येतंय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला की तो बांद्याला गेलाय. नंतरही तो बांद्यालाच होता. एकदा मला तो मालवणच्या मासळी बाजारात दिसला. मला बघून त्याने हातातली सुरमई तिथेच ठेवली आणि बांद्याला गेला.

त्याला दोष देत नाही. माझं घर शेजारी नसतं तर मीही बांद्याला गेलो असतो.

त्या दुपारी तो गेल्यावर आम्ही तिघेच उरलो. फेलिसिदाद काचेसमोर बसली होती. डोळे त्या डागावर.

"भाई," ती म्हणाली, "बाबुशान शेवटी माका काय सांगल्यान, म्हायत आसा?"

मी मान हलवली. तिने कधी सांगितलं नव्हतं.

"थंयल्या नर्सान फोन लावून दिलो. काचेच्या खोलयेत होतो तो. तोंडार ता नळयेचा लावलेला. बोलाक होयना. तरी म्हणालो, फेलू, माका उकडता गो. जरा वारो घाल."

आनंदीने पदर तोंडाला लावला.

"फोनार रे! फोनार मी वारो कसो घालतलंय? तरी मी हातपंखो घेतलंय आणि फोनाक वारो घालीत रवलंय. फोन बंद झालो तरी घालीत रवलंय."

ती उठली. खिळ्यावरचा ताडाच्या पानांचा हातपंखा काढला. परत येऊन बसली आणि त्या रिकाम्या कॅबिनेटला वारा घालू लागली.

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

थोड्या वेळाने काचेवरची वाफ पुसट झाली. मी हात लावून पाहिला.

कॅबिनेट थंड होतं.

तिने पंखा खाली ठेवला. आम्ही बघत बसलो.

काच परत तापली...

त्यानंतर फेलिसिदादचा दिवस म्हणजे तो पंखा. उठली की वारा. जेवताना डाव्या हाताने घास, उजव्या हाताने वारा. रात्रीचं मी पाहिलं नाही, पण त्यांच्या खिडकीतून पंख्याची सावली हलताना आनंदीला दिसायची. सकाळी तिचा दंड सुजलेला असायचा. कॉम्प्युटर टेबलावर पुठ्ठ्यावर तसाच पडून होता. त्याचं कोणालाच काही उरलं नव्हतं.

आम्ही पाळी लावून बघितली. मी वारा घालायचो, आनंदी घालायची. आम्ही घातलेल्या वाऱ्यानेही काच निवायची. पण फेलिसिदाद उठत नसे. शेजारी बसून राहायची.

"काढून टाकूया हे," मी एकदा म्हणालो. "समुद्र काय लांब आहे?"

"समुद्रात?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेत तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं ते आठवलं. "बाबुशाक पोवाक येय नाय!"



रॉविनाचे फोन चालूच होते. "मम्मी, तुझं मस्कतचं तिकीट काढलंय मी. कित्याक हट्ट करतंस? थंय एकटी काय करतलंस?"

"एकटी नाय गो मी," फेलिसिदाद म्हणायची. आणि फोन काचेच्या दिशेला धरायची. रॉविनाला तिकडे काय दिसायचं, कुणास ठाऊक. एकदा तिने मला वेगळा फोन करून विचारलं, "भाई अंकल, त्या खोक्यात मागे कोण बसलंय?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. पण पुढचे काही दिवस तिने व्हिडिओ कॉल केला नाही. साधाच केला.

मे उजाडला. उकाडा असा, की घरात पाण्याची कळशीसुद्धा घामाघूम. आता वारा थांबवून दोन घोट पाणी प्यायचं म्हटलं तरी काच धुमसायची. फेलिसिदादचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. चेहरा उतरला. जेवण तुटलं.

एका दुपारी घरी येताना आनंदी मला म्हणाली, "ओ, ह्या तुमी केलास."

"मी काय केलं?"

"बांधलास तुमी त्येका. भायर जावक देव नको म्हणान कोण म्हणाला? चारजणांनी व्हय म्हटला. आता तुमीच सोडा."

मी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ते मलाही पहिल्या दिवसापासून कळलं होतं. उलट गाऱ्हाणं घालायचं. मोकळा कर म्हणायचं. सोपं होतं.

फक्त फेलिसिदाद तयार नव्हती.

"सोडलंय तर जातलो तो," ती म्हणाली.

"त्याला त्रास होतोय ना पण?"

"होता."

"मग?"

"मगे मी वारो घालतंय." तिने पंखा डाव्या हातात घेतला. "एकदा घालूक गावलो नाय. आता गावता."

हे ऐकून मी घरी आलो आणि दिवसभर कोणाचीही थट्टा केली नाही. आनंदीने माझ्यासाठी डॉक्टरांना विचारायला सुरुवात केली.

मग ती दुपार आली.

फेलिसिदादनेच हाक मारली. आम्ही गेलो तर ती भिंतीला टेकून बसली होती. पंखा मांडीवर. दोन्ही हात दोन्ही बाजूंना पडलेले, पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखे. काच वाफेने पांढरी झाली होती. आतून थाप मारल्यासारखा बारीक आवाज येत होता.

टक... टक...

"भाई," ती म्हणाली. "माज्यान आता होणा नाय. सोड त्येका."

"नक्की?"

"बिचाऱ्याक किती दिवस उकाड्यात ठेवू? माझ्यासाठी?" तिने काचेकडे पाहिलं. "जाऊंदे. सोड."

मी उभा राहिलो. हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा हात जोडताना मला एकही विनोद सुचला नाही.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आनंदी म्हणाली. फेलिसिदादचे ओठ हलले.

"मी मस्करीत बोललंय, ता मनार घेव नको म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

आतली टकटक थांबली. ऐकत असल्यासारखी.

"ह्या पेटयेत जो कोण कोंडलेलो आसा, त्येका मोकळो कर म्हाराजा... त्येका त्येच्या वाटेन जावक दी म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आनंदी म्हणाली.

फेलिसिदादने डोळे मिटले. सगळा जीव एकवटला आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा."

आम्ही थांबलो.

बाहेर माडाची झावळीही हलत नव्हती. लांब कुठेतरी गाडी गेली. मग तेही नाही.

काचेवरचा डाग जागच्या जागी थांबला. आला नाही. गेला नाही.

आणि आतून आवाज आला...

"नाय म्हाराजा."

स्पष्ट. हळू. घसा कोरडा असलेल्या माणसाचा.

आनंदी माझा दंड धरून उभी होती. तिची नखं रुतली, ते मला नंतर रक्त पाहून कळलं.

मी फेलिसिदादकडे पाहिलं. मला वाटलं, ती रडेल. किंवा आनंदाने हसेल. नवरा जायला तयार नाही, म्हटल्यावर दुसरं काय होणार?

ती काचेकडे टक लावून बघत होती. कपाळावर आठी. वर्गात मागच्या बाकावरून कोण बोललं ते ओळखताना शिक्षिका बघतात, तशी.

"भाई," ती म्हणाली.

"हं?"

"हो बाबुश न्हय."

मला अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते तोपर्यंत फक्त लिहून ठाऊक होतं.

"बाबुशाचो आवाज मी वळकूचंय नाय? हो न्हय. हो खंयचो तरी तरणो झील आसा."

ती म्हणाली आणि मलाही कळलं. बाबुशचा आवाज रिक्षा थांबवणारा. हा आवाज पंचविशीतल्या पोराचा होता. दमलेल्या. घाबरलेल्या.

"चला," मी आनंदीला म्हणालो. "फेलिसिदाद, ऊठ. आमच्याकडे चल. हे खोकं मी आत्ताच्या आत्ता..."

"गप रव."

तिने डावा हात लांब केला. मांडीवरचा पंखा घेतला.

"कोणाचो तरी कोण आसतलो," ती म्हणाली. "जावक वाट म्हायत नाय म्हणान नाय म्हणालो आसात. उकडता रे त्येका."

आणि ती वारा घालू लागली.

काच हळूहळू निवली. डाग येऊ लागला, जाऊ लागला. शांतपणे. झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

आज इतके महिने झाले. कॅबिनेट तिथेच आहे. तो कोण, आम्हाला माहीत नाही. त्या दिवसांत गेलेल्यांपैकी कोणी असेल. नसेलही. कधी कधी मी त्याला नाव विचारतो. उत्तर येत नाही. पुन्हा गाऱ्हाणं घालायची माझी हिंमत नाही. तो पुन्हा नाही म्हणेल याची भीती वाटते. हो म्हणेल याचीही वाटते.

रॉविना येऊन गेली. चार दिवस राहिली, तीन दिवस वारा घातला, रडत परत गेली. तिकीट रद्द झालं. फेलिसिदादचा हात आता थोडा वर जातो. सकाळ तिची, दुपार माझी, संध्याकाळ आनंदीची. रात्री तो बहुतेक झोपतो.

कालची गोष्ट. मी माझ्या पाळीला गेलो. फेलिसिदादने पंखा माझ्या हातात दिला, पण उठली नाही. बराच वेळ काचेकडे बघत बसली.

मग मला विचारलं,

"भाई... मगे माझ्या बाबुशाक वारो कोण घालत आसात रे?"

मी वारा घालत राहिलो.